मनोऱ्यातला मनोरा : मूरिश मिनार कसे बांधले आणि कसे ओळखायचे

प्रश्न : दिल्लीचा कुतुबमिनार गोल, दौलताबादचा चांदमिनारही गोल. मग स्पेनमधलं सेव्हिल आणि मोरोक्कोतलं माराकेश, रबात इथले मिनार चौकोनी का? सिमेंट-लोखंड नसताना एवढी उंची कशी गाठली? आणि स्पेनमधल्या एखाद्या जुन्या चर्चचा घंटामनोरा मुळात मिनार होता की नंतर बांधलेला, हे जागेवर उभं राहून कसं ओळखायचं?

उत्तर :

बाहेरून एक दिसणारा हा मनोरा आतून दोन असतो. मधोमध एक चौकोनी गाभा, त्याच्याभोवती बोळाएवढं अंतर सोडून दुसरी चौकोनी भिंत, आणि त्या बोळातून गाभ्याला वळसे घालत वर जाणारी चढण. उंची कशी पेलली, भूकंपात काय टिकलं आणि काय पडलं, पुढे घंटा टांगायला हेच मनोरे का सोयीचे पडले, हे सगळं या रचनेतून उलगडतं. लोक पोहोचल्या पोहोचल्या नक्षीचे फोटो काढू लागतात. नक्षी सुंदर आहेच, पण आधी आत शिरावं.

'मूर' या शब्दाबद्दल थोडं. रोमन लोक उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला मॉरेटानिया म्हणत, त्यावरून युरोपीयांनी तिथल्या आणि पुढे स्पेनमधल्या मुसलमानांना हे सरसकट नाव दिलं. बांधणारे स्वतःला मूर म्हणवत नव्हते. त्यांत अरब होते, अमाझिघ म्हणजे बर्बर होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, राहिलेले स्थानिकही होते. सर्वांत मोठे तीन मिनार, म्हणजे माराकेशचा कुतुबिय्या, सेव्हिलचा हिराल्दा आणि रबातचा अपुरा हसन मनोरा, हे तिन्ही बाराव्या शतकातल्या अलमोहाद राजवटीचे, म्हणजे मोरोक्को आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणाऱ्या बर्बर घराण्याच्या काळातले आहेत. इथे मुख्यतः त्यांच्याबद्दलच बोलतो.

चौकोन कुठून आला

हा वारसा सीरियाचा. दमास्कसची उमय्यद मशीद आठव्या शतकाच्या सुरुवातीला एका रोमन मंदिराच्या आवारात उभी राहिली, आणि त्या आवाराच्या कोपऱ्यांत चौकोनी बुरूज होते. सीरियातल्या चर्चचे मनोरेही चौकोनीच. ७५० मध्ये उमय्यदांची सत्ता उलथली, त्यातून निसटलेल्या अब्द अल-रहमानने ७५६ मध्ये कोर्दोबाला गादी स्थापन केली, आणि सीरियाची आठवण स्पेनमध्ये रुजली. उत्तर आफ्रिकेतही हा आकार पोहोचला. ट्युनिशियातल्या कैरवानचा तीन टप्प्यांचा चौकोनी मिनार नवव्या शतकातला मानला जातो, उंची सुमारे ३१.५ मीटर. आपल्याकडे दिल्लीला आणि बहामनींच्या दौलताबादला जी परंपरा आली ती इराण-अफगाणिस्तानकडची, गोल आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या मनोऱ्यांची. घराणी वेगळी, म्हणून आकार वेगळे.

चौकोनाचे कामातले फायदे मात्र वारशापलीकडचे आहेत. गोल मनोऱ्यात प्रत्येक पायरी पाचरीच्या आकाराची घडावी लागते आणि भिंतीच्या वळणासाठी वीट तासावी लागते किंवा दरजा एका बाजूला फुगवाव्या लागतात. चौकोनात वीट जशी भट्टीतून आली तशी बसते. गवंड्याला गुण्या आणि ओळंबा पुरतो. चढण सरळ पट्ट्यांची होते आणि चारही कोपऱ्यांवर वळायला सपाट जागा आपोआप मिळते. तोटा एकच, कोपरे. तिथे दोन दिशांचा ताण एकवटतो, म्हणून जुन्या गवंड्यांनी कोपऱ्यांत शक्यतो मोठे, चांगले घडवलेले दगड घातले. दुरुस्तीची पाहणीही नेहमी कोपऱ्यांपासूनच सुरू करतात.

हिराल्दाच्या आत

हिराल्दाची मापं हाताशी असली की सगळं स्पष्ट होतं. मूळ मिनाराचा मुख्य भाग प्रत्येक बाजूला १३.६१ मीटर रुंद आणि ५०.५१ मीटर उंच. त्याच्यावर दुसरा लहान मनोरा होता, रुंदी ६.८३ मीटर, उंची १४.३९ मीटर. हा लहान मनोरा वर ठेवून दिलेला वेगळा तुकडा नव्हता, आतला गाभाच बाहेरच्या भिंतीला मागे टाकून वर निघाला होता. त्यामुळे त्याचा भार कुठल्याही छतावर किंवा कमानीवर न पडता थेट खाली पायापर्यंत जातो.

गाभ्यात एकावर एक सात खोल्या आहेत, प्रत्येकीवर विटांचं छत. गाभा आणि बाहेरची भिंत यांच्यामधल्या बोळात पायऱ्या नाहीत, ३५ उतरण्या आहेत, आजच्या भाषेत रॅम्प. अगदी शेवटी तेवढ्या १७ पायऱ्या. हिशेब करून पाहा. ५० मीटर उंचीला ३५ पट्ट्या, म्हणजे एका पट्टीत साधारण १.४ मीटर चढ. चार पट्ट्यांची एक फेरी, म्हणजे फेरीला पावणेसहा मीटरच्या आसपास. एवढ्या उंचीत डोक्यावरची मोकळी जागा, बोळाचं छत आणि त्यावरचा भराव सगळं बसतं. बोळाच्या डोक्यावर छोट्या छोट्या छेदघुमट्यांची रांग आहे, म्हणजे अर्ध्या नळीसारखी दोन छतं एकमेकांना काटकोनात छेदतात तशी. पट्टी चढत जाते तशी प्रत्येक घुमटी आधीच्यापेक्षा थोडी वर बसते. चढती सलग कमान बांधायला साचा अवघड पडतो, आणि तिचा रेटा उताराच्या दिशेने घसरतो. तुकड्या-तुकड्यांच्या घुमट्यांना एकच लहान लाकडी साचा पुढे पुढे सरकवत वापरता येतो, आणि प्रत्येकीचा रेटा दोन्ही भिंतींवर सारखा पडतो.

याच घुमट्या बाहेरच्या भिंतीला गाभ्याशी जखडून ठेवतात. रचनेच्या दृष्टीने मनोऱ्याचं खरं बळ इथे आहे. सुटी ५० मीटरची भिंत वाऱ्याने, भूकंपाने फुगली असती. इथे मात्र तिला दर फेरीला, म्हणजे दर पावणेसहा मीटरला, आतून हात दिलेला आहे.

उतरण्या का, पायऱ्या का नाहीत? मुअज्जिनला दिवसातून पाच वेळा बांग द्यायला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून, असं सांगतात, आणि घोडा जाईल एवढी ती चढण खरोखरच सोयीची आहे. पण बांधकाम जाणणाऱ्याला दुसरं कारण जास्त पटतं. मनोरा वाढतो तशी चढणही वाढते. मग विटा, चुना, पाणी गाढवांच्या पाठीवरून थेट कामाच्या थरापर्यंत नेता येतं. बाहेर ५० मीटरची माल चढवणारी परांची उभारायची गरजच उरत नाही.

भाराचा अंदाजही बांधू. विटांच्या बांधकामाचं वजन घनमीटरला १.८ टन धरलं तर ५० मीटर उंचीच्या भिंतीचा स्वतःचा भार तळाशी चौरस मीटरला ९० टन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ९ किलो. चांगली वीट आणि मुरलेला चुना हे सहज पेलतात. अडचण विटेची नसते, जमिनीची असते. सेव्हिल ग्वादाल्किविर नदीच्या गाळावर वसलेलं आहे, तिथल्या मातीला एवढा भार एका जागी सोसत नाही. म्हणून तळाला मोठे घडीव दगड. ते जुन्या इमारतींमधून काढून आणलेले आहेत. रस्त्याच्या पातळीला, कोपऱ्याजवळ नीट पाहिलं तर लॅटिन अक्षरं कोरलेले रोमन दगड आजही दिसतात. काम ११८४ मध्ये अहमद इब्न बासो या मुख्य गवंड्याच्या हाताखाली दगडातच सुरू झालं होतं. त्याच वर्षी खलिफा अबू याकूब यूसुफ मरण पावला आणि काम थांबलं. पुढे अली अल-गुमारीने ते हाती घेतलं आणि दगड सोडून विटेवर आला. तळाचा दगड आणि त्यावरची वीट हा बदल आजही उघड्या डोळ्यांना दिसतो. १० मार्च ११९८ रोजी वर सोन्याच्या मुलाम्याचे धातूचे चार गोळे चढवले गेले. ते अबू अल-लैस या सिसिलीच्या कारागिराचं काम.

पाचपटीचा अंदाज

अलमोहाद मिनारांची उंची रुंदीच्या साधारण पाचपट असते. हिराल्दाचे मूळ दोन्ही टप्पे मिळून ६४.९ मीटर, रुंदी १३.६१, म्हणजे पावणेपाच पट. कुतुबिय्याची बाजू १२.८ मीटर, आणि कळसाच्या गोळ्यांसकट उंची ७७ मीटर. कळस वगळला तर पाचपटीपेक्षा थोडी जास्त. हसन मनोऱ्याची बाजू सुमारे १६ मीटर आहे, पण ११९९ मध्ये खलिफा याकूब अल-मन्सूर वारला आणि तो ४४ मीटरवरच थांबला. पाचपटीने मोजलं तर तो ८० मीटरच्या घरात जाणार होता. अपुरा राहिल्यामुळेच तो शिकायला सर्वांत चांगला. वरचा टप्पा नाही, घंटाघर नाही, नंतरची सजावट नाही, नुसता सांगाडा आणि त्यावरची सुरुवातीची नक्षी.

माती, वीट, दगड

कुतुबिय्या अनगड दगडात आहे, हिराल्दा विटेत. पण मध्ययुगीन अंदालुसी, म्हणजे मुसलमानी स्पेनमधल्या, शहराचे बहुतेक बुरूज आणि तटबंद्या चोपलेल्या मातीच्या आहेत. या तंत्राला अरबीत 'ताबिया', त्यावरूनच स्पॅनिशमध्ये 'तापिया'. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात त्याचं वर्णन केलंय. दोन लाकडी फळ्या, साधारण चार हात लांब आणि दोन हात उंच, भिंतीच्या जाडीएवढ्या अंतरावर समोरासमोर उभ्या करायच्या. त्यांना आडव्या काठ्यांनी आणि दोरांनी जखडायचं. मग चुना कालवलेली माती थराथराने भरून धुम्मसने चोपायची. साचा भरला की सोडवायचा आणि शेजारी लावायचा. एक फेरी पुरी झाली की वरची फेरी.

इथे चुकतं ते असं. माती फार ओली असेल तर चोपताना दबते खरी, पण वाळताना आकसून उभ्या चिरा पडतात. फार कोरडी असेल तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि आडवे सुटतात. मुठीत आवळल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, एवढाच ओलावा हवा. एका वेळी घातलेला थर वीतभरापेक्षा जाड असला की वरचा भाग चोपला जातो आणि खालचा पोकळ राहतो. अशा भिंतीला दोनशे वर्षांनी प्रत्येक थराच्या बुडाशी ओरखाडे पडलेले दिसतात. आडव्या काठ्यांची भोकं तशीच राहतात. तटावर ठरावीक अंतराने ओळीत दिसणारी ती भोकं बंदुकीच्या गोळ्यांची नव्हेत. त्यांच्या ओळींमधली उंची मोजली की साच्याची उंची कळते, आणि त्यावरून भिंतीचा कोणता भाग एका हंगामातला आणि कोणता नंतर जोडलेला हे ठरवता येतं.

ग्वादाल्किविरच्या काठावरचा तोर्रे देल ओरो, म्हणजे 'सोन्याचा बुरूज', हा वेगळ्या जातीचा. १२२०-२१ मध्ये बांधलेला, बारा बाजूंचा. असे बुरूज मुख्य तटापासून पुढे काढून एका भिंतीने तटाशी जोडलेले असतात. शत्रूने बुरूज घेतला तरी तट हातचा जात नाही, आणि तटाच्या पायाशी आलेल्यावर बाजूने मारा करता येतो. बादाहोसचा आठ बाजूंचा एस्पान्तापेर्रोस बुरूज याच प्रकारचा. मिनार आणि बुरूज यांत लोक फार गल्लत करतात. मिनाराचा माथा आवाजासाठी असतो, बुरुजाचा माथा माणसं उभी राहून लढण्यासाठी.

नक्षी

हिराल्दाच्या प्रत्येक तोंडावर तीन उभे पट्टे आहेत. मधल्या पट्ट्यात खिडक्या, दोन्ही बाजूंना विटांची जाळीदार नक्षी. खालचा मोठा भाग कोरा. तिथे जवळून पाहणाऱ्याला भिंतीचा कस दिसतो, आणि नक्षी सुरू होते ती जिथून लांबचा माणूस पाहतो तिथून.

या जाळीला स्पॅनिशमध्ये 'सेब्का' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जाळंच. ती आखतात कशी? सगळ्यात खाली बारीक खांबांवर बहुपाकळी कमानींची रांग. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर तिच्या दोन बाहू थांबत नाहीत, पुढे वर जातात आणि शेजारच्या कमानीच्या बाहूंना छेदतात. छेदातून नवी कमान उभी राहते, खालच्या रांगेपेक्षा अर्धं घर सरकून. असं वरपर्यंत गेलं की डोळ्याला कमानी दिसायच्या बंद होतात आणि शंकरपाळ्यांची जाळी दिसू लागते. यात एकच पथ्य आहे. पट्ट्याची रुंदी अर्ध्या घराच्या पूर्ण पटीत बसली पाहिजे, नाहीतर कडेला तुटकी शंकरपाळी राहते आणि सगळी जाळी लंगडी दिसते. म्हणून आधी विटेचं माप, त्यावरून घर, घरावरून पट्टा, असा क्रम. अलमोहाद विटेची लांबी रुंदीच्या दुप्पट असते, त्यामुळे आडवी-उभी कशीही लावली तरी हिशेब जुळतो.

आज उघडी दिसणारी ही वीट मूळची उघडी नव्हती. हिराल्दाच्या अलीकडच्या दुरुस्तीत विटांवर गेरूसारख्या तांबड्या रंगाचे अंश सापडले. कुतुबिय्याच्या दगडावरही एकेकाळी गिलावा होता. कुतुबिय्याची चारही तोंडं वेगवेगळ्या नक्षीची आहेत आणि माथ्याजवळ निळसर-हिरव्या चकाकत्या फरशांचा पट्टा फिरतो. या फरशांचं अरबी नाव 'झुलैज', त्याचं स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'अझुलेज' झालं. पणजीच्या फाउंतेन्यशमध्ये घरांच्या दारांशी निळ्या-पांढऱ्या फरशांवर नावं रंगवलेली असतात त्यांना गोव्यात हाच शब्द आहे. माराकेशच्या मिनारावरचा आणि फाउंतेन्यशच्या गल्लीतला शब्द एकच, हे माहीत असलं की तो निळा पट्टा परका वाटत नाही.

भूकंप

या सगळ्या मनोऱ्यांत भूकंपाचा नियम सारखाच दिसतो: खालची जोडभिंत टिकते, वरचं बारीक टोक जातं. जाड, ताठ धड हलतं थोडंच, पण त्याची हालचाल वर पोहोचताना चाबकाच्या टोकासारखी वाढते. सेव्हिलला १३५६ च्या भूकंपात धातूचे गोळे खाली आले, धड जागेवर राहिलं. १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बन भूकंपात रबातच्या हसन मशिदीच्या खांबांची वाताहत झाली, मनोरा उभा राहिला. तोर्रे देल ओरोलाही तेव्हा इजा झाली, त्याच्या डोक्यावरची गोल टोपी त्यानंतर १७६० मध्ये आली. आणि ८ सप्टेंबर २०२३ च्या ६.८ तीव्रतेच्या मोरोक्कोच्या भूकंपात कुतुबिय्या हलताना, त्यातून धूळ उडताना साऱ्या जगाने पाहिलं. तो उभा राहिला. जवळच्याच जेमा अल-फ्ना चौकातल्या लहानशा खरबूश मशिदीचा मिनार मात्र कोसळला.

मिनाराचा घंटामनोरा

२३ नोव्हेंबर १२४८ रोजी सेव्हिल कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याच्या तिसऱ्या फर्नांदो राजाच्या हाती गेलं. मशिदीच्या जागी पुढे कथीड्रल उठलं, पण मिनार ठेवला, कारण तो शहरातला सर्वांत उंच आणि पक्का मनोरा होता. १५५८ ते १५६८ या दहा वर्षांत दुसरा एर्नान रुईस या वास्तुकाराने वर घंटाघर आणि त्यावर निमुळते टप्पे चढवले, आणि सगळ्यात वर वाऱ्याच्या दिशेने फिरणारी काशाची स्त्रीमूर्ती बसवली. स्पॅनिशमध्ये 'फिरते' याला 'हिरा' म्हणतात, त्यावरून आधी मूर्तीला आणि मग अख्ख्या मनोऱ्याला हिराल्दा नाव पडलं. आज उंची १०४ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे जुन्या मनोऱ्यावर जवळजवळ ४० मीटरची भर. त्याने वरचं काम मोठ्या खुल्या कमानींचं ठेवून वजन कमी राखलं, आणि वरचे टप्पे क्रमाने आत घेत गाभ्याच्या रेषेवर आणले. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी आखलेली भाराची वाट ओळखून तिच्यावरच त्याने आपलं काम रचलं. दुसऱ्याच्या इमारतीवर भर घालण्याचं याहून चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

घंटांचा धोका वजनापेक्षा झोक्याचा असतो. झुलणारी घंटा प्रत्येक झोक्याला भिंतीला आडवा धक्का देते, आणि धक्क्यांचा ताल मनोऱ्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला तर चिरा वाढतात. स्पेनमध्ये घंटेच्या डोक्यावर जड लाकडी जू बसवून तिला तोल दिलेला असतो आणि ती पूर्ण गरगर फिरवतात. तोल साधल्यामुळे आडवा रेटा बराच कमी पडतो. हे जुनं लाकडी जू काढून हलकं लोखंडी बसवलं की तोल बिघडतो. बऱ्याच ठिकाणी ही चूक झाली आणि पुन्हा लाकूड बसवावं लागलं.

कोर्दोबाला वेगळंच झालं. तिसऱ्या अब्द अल-रहमानने ९५१-५२ मध्ये बांधलेला मिनार सुमारे ४७ मीटर उंच होता आणि त्यात एकमेकांना न भेटणारे दोन स्वतंत्र जिने होते. १५८९ मध्ये त्याला मोठी इजा झाली, आणि १५९३ पासून तिसऱ्या एर्नान रुईसने त्याच्याभोवती नवी भिंत बांधून त्याला आत कोंडलं. आज घंटामनोरा चढताना दहाव्या शतकातल्या मिनाराची भिंत आतून दिसते. इथे तर मनोऱ्यातला मनोरा अक्षरशः खरा झाला.

तेरुएल, आणि ओळखायची रीत

सगळ्यात गोंधळ होतो तो अरागॉन प्रांतात. तेरुएलचे सान मार्तीन (१३१५-१६) आणि एल साल्वादोर हे मनोरे पाहून कुणीही त्यांना मिनार म्हणेल. आत गाभा, गाभ्यात एकावर एक खोल्या, भोवती चढत जाणारा जिना, सगळं अलमोहाद वळणाचं. पण ते पहिल्या विटेपासून चर्चसाठी बांधलेले आहेत. ख्रिस्ती राज्यात राहिलेल्या मुसलमानांना 'मुदेहार' म्हणत, म्हणजे राहू दिलेले. ही त्यांच्या परंपरेची कला.

जागेवर ओळखायचं तर आधी माथा पाहा. घंटांसाठीच्या मोठ्या कमानी खालच्या भिंतीशी एकाच विटेत, एकाच दरजेत गुंफलेल्या असतील तर मनोरा घंटांसाठीच बांधला. तिथे वीट, रंग, चुना बदलत असेल, सांधा दिसत असेल तर खालचा भाग आधीचा. मग तळ पाहा. सान मार्तीन आणि एल साल्वादोर यांच्या पोटातून रस्ता जातो, कमानीखालून लोक ये-जा करतात. मोठ्या अलमोहाद मिनारांना अशी वेस नसते. रंगीत फरशा हा खालपासून वरपर्यंत पसरलेला हिरवा-पांढरा शृंगार असेल तर तो तेरुएलचा हात. कुतुबिय्यात त्या फक्त माथ्याशी आहेत.

आत चढण आहे की सपाट मजले, हे बाहेरूनही कळतं. शेजारच्या दोन तोंडांवरच्या खिडक्या एका पातळीवर नसून थोड्या थोड्या वर चढत गेल्या असतील तर आतल्या चढणीला उजेड द्यायला त्या ठेवल्या आहेत. चारही तोंडांवर खिडक्या अगदी समपातळीत असतील तर त्यामागे बहुधा सपाट मजले आहेत. हिराल्दाभोवती एक चक्कर मारून खिडक्या मोजा, चढण डोळ्यांपुढे उभी राहते. खिडक्यांपुढचे सज्जे मात्र नंतरचे, त्यांना यात धरू नका.

कमानीवरून घाईने निष्कर्ष काढू नये. घोड्याच्या नालेसारखी कमान मुसलमानांच्या आधीही स्पेनमध्ये होती. व्हिसिगॉथ म्हणजे मुसलमानांच्या आधी स्पेनवर राज्य करणारे लोक, त्यांच्या ६६१ सालच्या सान हुआन दे बान्योस या चर्चमध्ये ती आहे. फरक वळणाचा. व्हिसिगॉथ कमान मध्यबिंदूच्या खाली त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश आत वळते, कोर्दोबाची खलिफाकालीन कमान निम्म्यापर्यंत. अलमोहाद कमान माथ्याशी टोकदार होत जाते. कमानीभोवती चौकोनी चौकट असेल, तिला 'अल्फिस' म्हणतात, तर अंदालुसी हात जवळपास नक्की. पण तो हात कोणत्या राजाच्या पदरी होता हे चौकट सांगत नाही.

दुरुस्तीत काय बिघडतं

सगळ्यांत मोठा शत्रू तळाची ओल. जमिनीतलं पाणी विटेतून वर चढतं, बरोबर क्षार आणतं, पाणी उडतं आणि क्षार विटेच्या तोंडाशी स्फटिक होऊन तिचे पोपडे काढतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो तेच. सान मार्तीनचा पाया अडीचशे वर्षांतच इतका खराब झाला की १५४९ ते ५१ मध्ये पिएर्रेस वेदेल या वास्तुकाराला तळ दगडात नव्याने सावरावा लागला.

विसाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी तळाला सिमेंटचा गिलावा मारला गेला, ओल थांबेल म्हणून. ओल थांबत नाही. बाहेर पडायची वाट बंद झाली की ती सिमेंटच्या वर सरकते आणि जिथे गिलावा संपतो तिथून वर फुटते. तेरुएलकडे तर याहून वाईट होतं, कारण तिथला जुना लेप चुन्याचा नसून बहुतांशी जिप्समचा आहे. जिप्सम मिनिटांत घट्ट होतो, म्हणून गवंड्यांना तो आवडे, कमानी कमी आधारावर पटापट होत. पण लिटरभर पाण्यात तो दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतो, आणि ओलाव्यात पोर्टलंड सिमेंटशी त्याची गाठ पडली की एट्रिंगाइट नावाचे फुगणारे स्फटिक तयार होतात. दरज आतून फुगते आणि वीट फुटते. जिप्समच्या भिंतीवर सिमेंट लावायचं नाही, हा नियम तिथे अपवादाशिवाय पाळावा.

चुन्याच्या दरजा भरायच्या तर जुनी सुटलेली दरज तिच्या जाडीच्या किमान दुप्पट खोल खरवडावी, धूळ काढावी, भिंत पाण्याने तृप्त करावी. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली, कोनदार कणांची वाळू. जाड दरज एकदम भरू नये, दोन-तीन थरांत दाबत भरावी. मग आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बाहेरून आत, मिलिमीटर-मिलिमीटरने घट्ट होतो. उन्हात पहिल्याच दिवशी वाळला तर तो नुसती पांढरी पूड होऊन राहतो आणि पुढच्या पावसात निघून जातो. आंदालुसियाच्या उन्हाळ्यात म्हणून हे काम सहसा काढतच नाहीत.

जुने लोखंडी आकडे दिसले तर ते काढून गंज न चढणारं पोलाद घालावं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि दगडाचा कोपरा उडवतो. आकडा काढण्याआधी मात्र तो काय धरून आहे हे बघावं, आणि शेजारच्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवून निदान एक उन्हाळा आणि एक हिवाळा थांबावं. पट्टी तडकली तर चीर चालती आहे आणि कारण खाली कुठेतरी पायात आहे. पट्टी अखंड राहिली तर चीर जुनी, निवांत आहे, तिला चुन्याने बुजवलं की काम झालं.